सही करण्याआधी



सोळा वर्षांच्या मला आज काही सांगता आले, तर मी अभ्यास, करिअर, आत्मविश्वास यांबद्दल बोलणार नाही. ते सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते. मी म्हणेन, अगं, घरचा सातबारा काढून बघ.

२००५ साली मी अकरावीत होते. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती अमलात आली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार झाली. महाराष्ट्राने हे १९९४ सालीच केले होते, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे माझ्या आत्यांना वगळून. २००५ ने ती अट काढली. आमच्या घरात ही बातमी कुणी मोठ्याने वाचली नाही.

मी तेव्हा 'समंजस' म्हणून नावाजलेली मुलगी. भावाला आधी वाढायचे, हट्ट करायचा नाही. हा समंजसपणा उगाच शिकवत नाहीत. पुढे वडील गेले की तोच हक्कसोडपत्रावर वसूल होतो. तेराव्याला पाहुणे जमलेले असतात, भाऊ म्हणतो, "ताई, नुसती सही तर आहे," आई डोळ्यांना पदर लावते. 'माहेर तुटेल' या दोन शब्दांपुढे एम.एस.डब्ल्यू.ची पदवीसुद्धा लटपटते. इतर बायकांना कायदा समजावणाऱ्या आपल्यातल्या कितीजणींनी अशी सही केली आहे, हे आपण एकमेकींनाही सांगत नाही.

म्हणून हे सोळाव्या वर्षी कळायला हवे, सुतकात नव्हे.

तिला सांगेन, कोऱ्या कागदावर सही करायची नाही. वारसनोंदीची नोटीस आली तर वाचायची. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. 'वडील २००५ पूर्वीच गेले, तुझा हक्क संपला' असे कुणी म्हणाले तर सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा खटल्यातला ११ ऑगस्ट २०२० चा निकाल दाखवायचा. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी पुन्हा उघडत नाही, आणि स्वकष्टाच्या मिळकतीचे मृत्युपत्र वडील कुणाच्याही नावे करू शकतात. हे लपवून मुलींना खोटी आशा दाखवू नये. (हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांचा. मुस्लिम मैत्रिणींचा कायदा वेगळा. सहीसाठी येणारा दबाव मात्र ओळखीचा.)

आणि हक्क सोडायचाच असेल तर जरूर सोड. भावाची खरोखर ओढाताण असेल, तुझे मन असेल. पण आधी नाव लागू दे. जे तुझे म्हणून कुणी कधी मानलेच नाही, ते तू देणार तरी कसे?

या अंकापासून किशोरी गटांसाठी सातबारा वाचायला शिकवणारे एक पान सुरू करत आहोत. घरून उतारा मिळाला नाही तरी अडत नाही. महाभूलेखवर गाव आणि गट नंबर टाकला की तो दिसतो. तुमच्या गटातल्या मुलींनी उतारा काढल्यावर घरात काय बोलणे झाले, ते पुढच्या अंकासाठी जरूर कळवा. मुलींची नावे आम्ही छापणार नाही.