दागिन्याचे पहिले चित्र

यवतमाळच्या सराफ्यात काय किंवा वणी-पुसदच्या पेढीवर काय, दागिना घेताना वजन, कस आणि घडणावळ यांची बारकाईने चौकशी होते. त्या दागिन्याचे पहिले चित्र कोणी काढले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. जगातील नामांकित पेढ्यांतही प्रघात फारसा निराळा नाही. न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांच्या पेढीसाठी सुमारे चार दशके अलंकार रेखाटणारे अंबाजी व्यंकटेश शिंदे हे नाव म्हणूनच मराठी घरांत अपरिचित राहिले.

शिंदे यांचा जन्म १९१७ साली गोव्यातील म्हापसे येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी कलाशिक्षण घेतले आणि पुढे नानूभाई ज्वेलर्स या पेढीत ते अलंकाररेखनाकडे वळले. त्या पेढीचे ग्राहक संस्थानिक. हळूहळू संस्थाने विलीन झाली, राजघराण्यांतील रत्ने परदेशी व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ लागली.

विन्स्टन हे अशा खरेदीदारांतील अग्रणी. बडोद्याच्या महाराणी सीतादेवींचे पाचू-हिऱ्यांचे पायांतील अलंकार त्यांनी घेतले, त्यांचा कंठहार घडविला आणि तो विंडसरच्या डचेसना विकला. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात डचेस तो हार घालून आल्या. ही रत्ने आपल्या पायांतही इतकीच शोभत असत, असे सीतादेवी सहज बोलून गेल्या. डचेसनी हार परत केला, असे सांगतात. रत्न तेच, पण त्याला मान मिळतो तो घडणीने!

साठच्या दशकाच्या प्रारंभी शिंदे याच विन्स्टन यांच्याकडे रुजू झाले आणि १९६६ मध्ये तेथील मुख्य रेखाटनकार झाले. दाराला टांगलेल्या नाताळच्या पर्णमालेत फांदी पानांना नव्हे, तर पाने फांदीला वळण देतात, असे विन्स्टन यांच्या ध्यानी आले होते. प्लॅटिनमच्या बारीक तारेवर निरनिराळ्या कोनांत हिरे बसवायचे आणि धातू जवळजवळ दिसेनासा करायचा, ही रीत त्यातूनच आली. ती शिंदे यांच्या आधीची खरी. परंतु भारतीय जडावाच्या भरघोसपणाशी तिचा मेळ घालायला दोन्ही परंपरा जाणणारा हात हवा होता.

अशी रेखाटने जलरंगात, दागिन्याच्या प्रत्यक्ष मापाची असतात. हिऱ्याचा प्रत्येक पैलू, त्यावरील उजेड-सावली कागदावर आधी उमटते. मग कारागीर ते हाती घेतो. दागिना पुढे मोडीत जातो, आजीची ठुशी नातीच्या हारासाठी वितळते, तसाच. कागद तेवढा मागे उरतो.

शिंदे २००३ मध्ये निवर्तले. पुढील वर्षी रीमा केसवानी यांचे ‘शिंदे ज्वेल्स’ हे पुस्तक निघाले. तेथे मुखपृष्ठावर पेढीचे नव्हे, रेखाटणाऱ्याचे नाव होते.