आडत्याची पट्टी आणि वाडीतली मजुरी

माकुणसारच्या खाडीपासून केळवे-माहीमपर्यंतचा पट्टा हा पानवेलींचा, नारळीचा आणि भाजीच्या वाड्यांचा प्रदेश. पहाटेच्या गाडीने येथील माल मुंबईच्या बाजारात जातो. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली आणि नोकरी करणाऱ्या तरुणांनाही मुंबई जवळ झाली. माल जातो, माणसे जातात. परत येते ती आडत्याची पट्टी आणि मुंबईची हिंदीमिश्रित भाषा. पट्टीवरचे आकडे आणि घरातली बोली यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे सहसा कोणाला वाटत नाही. अर्थकारण बाजारात आणि संस्कृती उत्सवाच्या मंडपात, अशी सोयीस्कर वाटणी मध्यमवर्गीय मनाने केव्हाच करून टाकली आहे.

वास्तविक हा संबंध फार जवळचा आहे. पालघरच्या या किनाऱ्यावर आणि लगतच्या डोंगरपट्ट्यात वाडवळी, मांगेली, आगरी, वारली अशा किती तरी बोली शेजारी शेजारी नांदत आल्या. वीटभट्टीवर जाण्यासाठी किती उचल घेतली, किती महिने राबावे लागले आणि शेवटी हातात काय पडले, हा हिशेब वारली मजूर आपल्या बोलीत घडाघडा सांगेल. तोच मजूर कचेरीतल्या मेजासमोर उभा राहिला की दोन वाक्यांत गप्प होतो. त्याची बोली गेली तर केवळ काही शब्द आणि गाणी जातील असे नव्हे. आपल्यावर झालेला अन्याय नेमकेपणाने मांडण्याचे त्याचे एकमेव साधन जाईल.

या साधनाला व्यासपीठ देण्याची सोय कायद्याने करून ठेवली आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना, तर २००६ च्या धोरणाने कृषी विज्ञान केंद्रांना आणि ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. राजकीय पक्ष आणि त्यांच्या संलग्न संघटनांना मात्र ती नाही, आणि हे योग्यच झाले. शंभर वॅटचे प्रक्षेपण, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, निम्मे तरी कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून आणि शक्यतो स्थानिक बोलीत, अशी त्याची चौकट आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही, उलट तिचा पहिला मोठा प्रयोग याच भूमीत झाला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांत श्रोतामंडळे उभी केली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवीत. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे येत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हा श्रोतामंडळांच्या गावांत ज्ञानात स्पष्ट भर पडल्याचे आढळले. त्याहूनही महत्त्वाचे हे की, गावाच्या कामांचे निर्णय या मंडळांत होऊ लागले. पुढे ही योजना देशभर नेण्यात आली आणि सरकारी योजनांच्या नेहमीच्या वाटेने ती क्षीणही झाली. ऐकणाऱ्याने उलट बोलायचे असते, ही तिच्यातली खरी गोष्ट तेवढी मागे पडली.

ती पुन्हा उचलली दोन दुष्काळी मुलखांनी. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक महिला अंगठाबहाद्दर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला होता. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि परवाना घेऊन आल्या. त्याच कामातून २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. म्हणजे आधी पैशाचा व्यवहार आणि मग आवाज, असा हा क्रम आहे. त्याच वर्षी आजच्या तेलंगणातील माचनूर गावी ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. तो दलित शेतकरी महिला चालवतात, आणि ज्वारी-बाजरीसारखी जुनी धान्ये, बियाणे आणि सणवार यांची चर्चा तेथे एकाच दमात होते. बियाण्याची पूजा आणि बियाण्याची किंमत हे त्या महिलांच्या लेखी दोन विषय नाहीत.

अडचण निराळीच आहे. बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम यांना सामुदायिक केंद्रांवर मनाई आहे. या नियमाच्या धास्तीने चालकांनी पैशाचा विषयच टाळला, तर सकाळी भक्तिगीते, दुपारी आरोग्यसंदेश आणि सायंकाळी पाककृती एवढेच उरते. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून मान मिळाला. त्यावर कौतुकाचा कार्यक्रम कोणीही करील. पण बंदरावर लिलावात मिळालेला भाव आणि मुंबईच्या ताटातली किंमत यांत एवढे अंतर का, हे सातपाटीच्या कोळणीने विचारले तर ते राजकारण कसे ठरते? तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविषयी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना दंड ठोठावला. खाडीतली मासळी कमी होते आहे, हे जाळे ओढणाऱ्याला निकालाच्या किती तरी आधी ठाऊक होते. ते मोठ्याने सांगायला जागा नव्हती.

मात्र न्यायाची ही चर्चा एकाच दिशेने चालली तर ती ढोंग ठरेल. वाडीचा मालक दादरच्या आडत्याविषयी तक्रार करतो, ती रास्त आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. आपल्या पट्टीत आजही कोणती कपात होते, हे प्रत्येक बागायतदाराने जाहीरपणे वाचून दाखवावे. परंतु त्याच वाडीत वेली बांधणाऱ्या वनवासी मजुराला त्या दिवशी काय मिळाले, हेही त्याच लहरीवरून ऐकू आले पाहिजे. मुंबईकडून न्याय मागणाऱ्याला आपल्या बांधावरचा हिशेब चुकवता येणार नाही. येथे वर्गसंघर्षाची पोथी उघडण्याचे कारण नाही. भट्टीचा मुकादम, मजूर, दलाल आणि बागायतदार हे बहुधा एकाच पंचक्रोशीतले असतात, एकमेकांच्या लग्नाकार्यात जेवतात. म्हणूनच समोरासमोरची चर्चा येथे शक्य आहे, आणि म्हणूनच ती अवघडही आहे. जो व्यापारी केंद्राला जाहिरात देतो, त्याच्याच काट्याविषयी बोलायचे कसे? पंधरा-वीस घरांनी दरमहा थोडी वर्गणी घातली तर हा मिंधेपणा निम्मा तरी सरेल.

हाती मोबाइल असताना रेडिओ कशाला, असे विचारले जाते. भाव मोबाइलवर येतात हे खरे. पण मोबाइल एकेकटा पाहिला जातो आणि तो पाहताना हात थांबतात. पाने खुडताना, मासळी निवडताना चारजणींना मिळून ऐकता येईल आणि ऐकता ऐकता वाद घालता येईल, असे साधन आजही रेडिओच आहे.

माकुणसारला केंद्र झाले तर त्याचा आवाज केळवे, सफाळे आणि पालघरच्या आसपास पोहोचेल. बोईसर-तारापूरच्या कामगारवस्त्यांसाठी दुसरे केंद्र लागेल, आणि तेथे भोजपुरी बोलणाऱ्या कामगारालाही माईक द्यावा लागेल. डोंगरपट्टीसाठी कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र १९७६ पासून उभे आहे. पालघरला सोनोपंत दांडेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. अर्ज करण्याची पात्रता या संस्थांना आहे. गावात बोली जाणणारी वडीलधारी माणसेही अजून आहेत. पहिल्या दिवशी त्यांच्यापैकी एकाने वाडवळीत कालची पट्टी वाचावी, आणि लगेच पुढे वारलीत कालची मजुरी.