कामाप्रमाणे दालन

निवृत्तीनंतर माझा बराचसा वेळ मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांचं मुद्रितशोधन करण्यात जातो. छापील पानाचं चित्र आणि टंकलेला मजकूर शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहायचा. पण तेवढ्यावर भागत नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश हवा, दाते-कर्वे हवेत (दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात), टिपणवही हवी. त्यात पत्रपेटी, बँक, वर्तमानपत्र. बारा-पंधरा खिडक्या सहज होतात.

अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला: मेमरी वाढवा, दुसरा पडदा घ्या. एका दुकानदाराने तर मला नवा संगणकच सुचवला. माझं स्पष्ट मत असं, की बहुतेक वेळा आपल्याकडे कमी पडते ती मांडणी.

खालच्या पट्टीवर खिडक्या बहुधा प्रोग्रामनुसार गोळा होतात. माणूस मात्र कामानुसार विचार करतो. कोश आणि बँक दोन्ही ब्राउझरमध्ये उघडतात, म्हणून ते एका कामाचे होत नाहीत. वह्या तपासायला घेताना आम्ही शिक्षक सगळ्या वर्गांच्या वह्या एका गठ्ठ्यात बांधत नाही, वर्गवार बांधतो. तसंच हे.

लिनक्सवर यासाठी वर्कस्पेस असतात. कल्पना जुनी आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या हेंडरसन आणि कार्ड यांनी १९८६ साली 'रूम्स' नावाची रचना मांडली: एका कामाच्या खिडक्या एका खोलीत. लिनक्सवाले ही सोय नव्वदच्या दशकापासून वापरताहेत. विंडोजमध्ये ती अंगभूत झाली थेट २०१५ साली, विंडोज १० बरोबर.

माझ्याकडे मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आहे. तिच्यात वर्कस्पेसना नावं देता येतात. आमच्या शहराचे जुने दरवाजे आठवा. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा: रस्ता कुठे जातो ते नावातच. तशी नावं द्यावीत: 'शोधन', 'पत्रव्यवहार', 'पैसे'. कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणाची कळ दाबली की दालन बदलतं. खिडकीच्या मथळ्यावर उजवी टिचकी मारली की ती दुसऱ्या दालनात धाडता येते, किंवा टिपणवहीसारखी सगळ्या दालनांत दिसेल अशी ठेवता येते. ऑल्ट-टॅब मग त्या दालनापुरतंच फिरतं. तीन-चार खिडक्यांत ते कामाचं. पंधरांत नुसती चकरी.

एक मात्र लक्षात ठेवा. दुसऱ्या दालनातली खिडकी बंद झालेली नसते, मेमरी खातच असते. संगणक खरोखर रखडत असेल तर खिडक्या बंदच कराव्या लागतील. आणि दहा दालनं केलीत तर पसारा फक्त घर बदलेल.

तरुण मंडळी म्हणतात, "शोधलं की सापडतं!" सापडतं, खरं आहे. पण वाटेत पत्रपेटी दिसते, बातमी दिसते, आणि नजरेखालचा अनुस्वार निसटतो. तो चुकलेला शब्द पुढचा वाचक मूळ लेखकाच्या नावावर मांडतो. लेखक तर केव्हाच गेलेला. त्याची बाजू राखायला आपणच उरलेलो.

असो. आज निदान एका कामाला स्वतंत्र दालन देऊन बघा. बाकीची कामं कुठे पळून जात नाहीत.