न पोहलेली शर्यत

सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्याच्या निषेधार्थ अमेरिकेने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. जलतरणपटू क्रेग बियर्ड्सली त्यामुळे मायदेशीच राहिला. मॉस्कोत २०० मीटर बटरफ्लायची अंतिम शर्यत झाल्यावर दहाच दिवसांनी त्याने १ मिनिट ५८.२१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. मॉस्कोतील सुवर्णविजेत्याला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागला होता. १९८४ च्या निवड चाचणीत तो तिसरा आला. संघात जागा दोघांनाच होती. ऑलिंपिक त्याला कधीच लाभले नाही.

पराभवाच्या दुःखात निदान झुंजल्याचे समाधान असते. संधीच नाकारली गेल्याचे शल्य मात्र दीर्घकाळ सलत राहते.

आपल्या घरातील ज्येष्ठांच्या मनातही असे शल्य असू शकते. इतरांच्या निर्णयामुळे कुणाचे शिक्षण सुटलेले असते, कुणाचे गाव. ते पुन्हा पुन्हा सांगू लागले, तर ‘झाले गेले विसरा’ असे म्हणू नये. त्यांनी त्यासाठी किती तयारी केली होती, हे आस्थेने विचारावे आणि शांतपणे ऐकावे. उदासी सरत नसेल, झोप वा भूक मंदावली असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणि ज्येष्ठहो, शर्यत हुकली तरी आपले कष्ट खरेच होते. ते सांगताना संकोच नसावा.