कमवा, शिका आणि झोपाही

एप्रिल महिन्यात जयंतीनिमित्त आपल्याकडे ठिकठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना ते योग्य अभिवादन आहे, आणि वर्षातून एक दिवस तसे बसल्याने कुणाचे बिघडत नाही. पण शहरात खोली करून राहणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांचे उरलेले दिवसही १८ तासांचेच असतात. सकाळी कॉलेज, दुपारी मेडिकलचे दुकान किंवा मॉल, रात्री घरोघरी जेवणाची पार्सले, नाहीतर एटीएमबाहेर पहारा. लग्नसराईत केटरिंग. खोलीवर येईपर्यंत मेस बंद झालेली असते, मग वडापाव आणि चहा. याला आपण जिद्द म्हणतो आणि सत्कारात शाल देतो. मला मात्र त्याची काळजी वाटते.

या वयात शरीराला ७ ते ९ तास झोप लागते. वाचलेले डोक्यात पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. रोज चार-पाच तासांवर भागवणारा मुलगा ज्या शिक्षणासाठी राबतो, तेच त्याच्या हातून निसटू लागते. दुचाकीवर डुलकी लागली तर काय होईल, ते सांगायला नको. त्यात दाटीवाटीची खोली आणि अर्धपोटी जेवण म्हणजे क्षयरोगाला आमंत्रण. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. मुलींनी चक्कर, धाप, सततचा थकवा ‘कामामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये, हिमोग्लोबिन पाहावे.

‘बाबासाहेबांनी नाही का कष्ट काढले?’ असे कुणी म्हणेल. काढले, आणि उत्तरायुष्यात मधुमेहाने व सांधेदुखीने त्यांना फार छळले, हेही खरे. पण १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून त्यांनी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याने झोप मोडावी असे न म्हणता कॉलेजने वेळ बदलली. कर्मवीर भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’तही काम संस्थेच्या नजरेखाली होते. आज विद्यापीठांत त्या नावाची योजना आहे, पण तिथे जागा थोड्या. उरलेली मुले बाहेर काम शोधतात. तिथे परीक्षा कधी आहे हे मालक विचारत नाही, आणि ७५ टक्के हजेरी भरली नाही तर कॉलेज ऐकून घेत नाही. शिष्यवृत्ती आणि स्वाधारचे पैसे वेळेवर आले असते तर यातल्या अनेकांना रात्रीचे काम धरावेच लागले नसते.

काम करावेच लागत असेल तर कामाला लागण्याआधी काही गोष्टी विचारा. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दिवसाच्या ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम ही जादा वेळ ठरते, आणि सलग काही तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची सुट्टी द्यावी लागते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानात २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी लागू होते, अर्धवेळ कामगारालाही. त्यात अवलंबून असलेल्या आईवडिलांचेही उपचार होतात. म्हणून कार्ड मागा, लाजू नका. पार्सल पोहोचवणाऱ्यांना कंपन्या कामगार न म्हणता ‘पार्टनर’ म्हणतात, त्यामुळे हे कवच त्यांना मिळत नाही. त्यांनी पैसे थोडे कमी मिळाले तरी मध्यरात्रीची पाळी टाळावी, असे मी सांगेन.

बाकीचे काम मोठ्यांचे आहे. आपल्यातले अनेकजण आज कॉलेजांत प्राध्यापक आहेत, वसतिगृहांचे गृहपाल आहेत. उशिरा येणाऱ्या दहा मुलांसाठी झाकून ठेवलेले ताट, परीक्षेच्या महिन्यात खोलीभाड्याला हातभार, हजेरीसाठी प्राचार्यांशी एक बोलणे, एवढे त्यांच्या हातात नक्की आहे. येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च वगळला, तर विहार समितीला जूनपासूनच याची सुरुवात करता येईल.