मृगाच्या आत बोअरचं पाणी तपासून घ्या

वाशिमकरांनो, आज घरात एक प्रश्न विचारा. आपण पितो ते पाणी शेवटचं कधी तपासलं होतं? नळाचं असेल तर हाच प्रश्न नगर परिषदेला विचारा. बोअरचं असेल तर तो तुमचा तुम्हालाच विचारावा लागेल, कारण अंगणातल्या खासगी बोअरची तपासणी करायला दुसरं कोणी येत नाही.

आपल्याकडे पाण्याची तक्रार म्हणजे क्षारांची तक्रार. तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल पांढरी पडते, बादलीवरचा थर घासून निघत नाही. ही तक्रार खरीच आहे. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. एकबुर्जी धरणात साठलेल्या पाण्याचा खडकाशी इतका सहवास होत नाही. म्हणून उन्हाळ्यात नळाची पाळी लांबली आणि बोअरवर भागवायची वेळ आली, की फरक लगेच जिभेला कळतो. भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पण जड पाणी पिण्याने आरोग्य बिघडतं असा खात्रीलायक पुरावा जागतिक आरोग्य संघटनेलाही मिळालेला नाही. क्षारांचा त्रास भांड्यांना होतो, खिशाला होतो. माझी काळजी वेगळी आहे.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचा थरही बसत नाही. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात कसलीही सूट नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटचा प्रश्न गंभीर असलेल्या जिल्ह्यांत बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ ही नावं आहेत. तिन्ही जिल्हे आपल्या शिवेला लागून आहेत. खडक तोच, सोयाबीन-कपाशी तीच, शेतात पडणारा युरियाही तोच. त्यात शहराच्या नव्या लेआऊटमध्ये एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात शौचालयाची टाकी असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात बोअर. टाकीतून मुरलेलं पाणी त्याच भेगांतून खाली जातं.

नायट्रेटचा सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आहे. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात दुधाची पावडर कालवून पाजली, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि ओठ, नखं निळसर पडतात. आई काळजीपोटी ते पाणी उकळून घेते. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही; पाणी आटलं की उलट त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी, कँडल फिल्टर, क्लोरीन यांचाही इथे उपयोग नाही. माझी हात जोडून विनंती आहे, घरात तान्हं बाळ असेल तर न तपासलेल्या बोअरचं पाणी त्याच्या बाटलीत घालू नका.

नळाचं पाणीही गृहीत धरू नका. पाणी काही दिवसांआड सुटतं तेव्हा मधल्या काळात पाइप रिकामे असतात आणि गळतीच्या जागी नालीतली घाण आत शिरते. नळाला थेट टिल्लू पंप लावला की ती आणखी जोराने ओढली जाते, आणि ती शेजाऱ्याच्या घागरीतही पोचते. टिल्लू आजच काढा. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. आपल्या प्रभागातला तपासणी अहवाल दर महिन्याला फलकावर लावा, अशी लेखी मागणी नगर परिषदेकडे करा. जारच्या थंडगार पाण्यावर विसंबणाऱ्यांनी पुणे आठवावं. २०२५च्या सुरुवातीला तिथे जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही दूषित निघालं आणि महापालिकेने ते प्रकल्प बंद केले.

आता दिवस थोडे आहेत. पहिला जोराचा पाऊस उकिरडे, नाल्या, शेतं धुऊन सगळं खाली नेतो. त्याआधी एक तपासणी आणि पावसाळा संपल्यावर दुसरी, एवढं ठरवून टाका. खेड्यांत जलसुरक्षक आहेत, जलजीवन मिशनमध्ये तपासणी संच वापरायला शिकलेल्या महिला आहेत. त्यांना बोलवा, सार्वजनिक विहिरीत आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं का ते स्वतः बघा. शहरातल्यांनी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करावी. एका गल्लीने मिळून चार-पाच बोअरचे नमुने एकदम नेले तर फेराही वाचतो.

रासायनिक तपासणीसाठी बोअर काही मिनिटं चालू ठेवा, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग काठोकाठ भरा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, ती विसळू नका, आणि भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचती करा. अर्जात नायट्रेटची तपासणी हवी असं स्पष्ट लिहा, आणि अहवाल आला की तो गल्लीतल्या प्रत्येक घराला दाखवा.