दूध पातळ नाही, हिशेब अपुरा आहे

सातमाशी बाळ जगलं की घरात आनंद होतो. पण ते बाळसं धरेना, की बोट वळतं बाळंतिणीकडे. 'हिचं दूधच पातळ!' नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांबाहेर बसलेल्या बायकांशी बोलताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की त्याचा एकदा नीट समाचार घ्यायलाच हवा. सासू म्हणते, नवरा म्हणतो, कधी वॉर्डातली आयाही म्हणते. शेवटी ती बाई स्वतःच तसं म्हणू लागते.

आधी हिशेब समजून घेऊ. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ खरं तर अजून पोटात असायला हवं होतं. तिथं त्याला नाळेतून प्रथिनं अखंड मिळतात आणि किलोमागे रोज साधारण १५ ते १७ ग्रॅम वजन वाढतं. बाहेर तोच वेग राखायचा, तर किलोमागे रोज ३.५ ते ४ ग्रॅम प्रथिनं लागतात. युरोपातल्या बालपोषण तज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची शिफारस हीच आहे. आता दुधाकडे पाहा. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि एवढ्याशा पोटाला दिवसभरात किलोमागे १६० ते १८० मिलिलिटर दूध झेपतं. म्हणजे दोन ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. लवकर बाळंत झालेल्या बाईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनं थोडी जास्त असतात, पण काही आठवड्यांत ती उतरतात.

ही तूट श्रीमंत बाईच्या दुधात असते आणि मजूर बाईच्याही. दिवस भरलेल्या बाळाला हेच दूध पुरून उरतं. दूध पातळ नसतं, बाळ लवकर आलेलं असतं.

मग वरचं दूध का द्यायचं नाही? कारण अशा बाळांच्या आतड्याचा भाग कुजवणारा जीवघेणा आजार आईच्या दुधावर कमी होतो. म्हणून पहिल्या दिवसांत शिरेतून प्रथिनांचे घटक, मग नळीनं आईचं दूध आणि ते पुरेसं पचू लागलं की त्यात मोजून घातलेली प्रथिनांची पावडर, असा उपचार करतात. दुधाच्या डब्यांविरुद्ध आपण लढलो. १९९२ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती त्यातूनच आली. ती लढाई बरोबरच होती आणि संपलेली नाही. पण आईच्या दुधात डॉक्टरांनी घातलेली पावडर म्हणजे दुधाच्या जागी आलेला डबा नव्हे. आईनं त्यासाठी अपराधी वाटून घेऊ नये. मात्र ती पावडर सरकारी रुग्णालयात फुकट मिळते, की बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडते, हे आपण विचारलं पाहिजे.

आईचं दूध नसेल तेव्हा दुसऱ्या बायकांचं दूध बाळाला तारतं. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पण दान केलेल्या दुधात प्रथिनं बहुधा आणखी कमी असतात. तिथंही हिशेब लागतोच.

आता माझा खरा प्रश्न. बाळाच्या ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवणारी व्यवस्था आईचा कोणता हिशेब ठेवते? तिला चोवीस तासांत आठेक वेळा दूध पिळून काढायचं असतं, रात्रीसुद्धा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला मोफत जेवण मिळतं, पण साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवस. बाळ मात्र दोन-दोन महिने आत. तोवर ती जिन्याखाली झोपते, वडापाव खाते, आणि घरची मोठी मुलं शेजारणीच्या भरवशावर असतात. दुधातली प्रथिनं सहसा घटत नाहीत, तिचं अंग मात्र झिजतं.

नोकरदार बाईला कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणामुळे ती स्वतः आजारी पडली तर आणखी महिनाभर मिळते. बाळ काचेच्या पेटीत आहे म्हणून मात्र एक दिवसही वाढत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून अशा बाळाच्या प्रत्येक पालकाला १२ आठवड्यांपर्यंत जादा रजा मिळते. आणि आपल्याकडच्या धुणंभांडी करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बाईला? तिला तर मूळ रजाच नाही.

आईला बाळाजवळ ठेवणं ही मेहेरबानी नव्हे, उपचार आहे. भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये तशी शिफारसच केली.

तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारू या: बाळ आत असेपर्यंत आईला खाट आणि दोन वेळचं जेवण मिळतं का? दूध काढायला आडोसा, पंप आणि शिकवणारी परिचारिका आहे का? पावडर मोफत आहे का? बाळाच्या वजनाचा तक्ता आईला समजेल अशा मराठीत कुणी समजावतं का? उत्तरं लेखी मागू या. आणि 'दूध पातळ' असं कुणी म्हणालंच, तर वरचा हिशेब तिथंच मोठ्यानं मांडू या. त्या बाईला ऐकू जाईल असा.